खेदाचा मसुदा

३ सप्टेंबर

आज रुजू झालो. नाव खुनमिंगचं आणि विद्यापीठ शहरापासून तासभर लांब, छंगकुंगच्या माळावर. रस्ते धावपट्टीसारखे रुंद आणि त्यांवर माणूस नाही, नुसता वारा. डीन छ्यू मिंगद स्वतः न्यायला आले होते. हसून हसून त्यांचे गाल दुखले असतील. त्यांनी मला गाडीत पुढे, ड्रायव्हरशेजारी बसवलं आणि स्वतः मागे उजव्या बाजूला बसले. म्हणजे पाहुणा अंगरक्षकाच्या जागी आणि यजमान पाहुण्याच्या जागी. हे मुत्सद्देगिरी विभागाचे प्रमुख.

छ्यू मूळचे पर्यटन व्यवस्थापनाचे. मध्यंतरी शेजारी देशांशी मैत्रीचं वारं सुटलं, तेव्हा पर्यटन विभागाचा अर्धा तुकडा कापून त्यावर मुत्सद्देगिरीची पाटी ठोकली. हॉटेलात गिऱ्हाइकाचं स्वागत कसं करावं हे शिकवणाऱ्या बाई आता राजशिष्टाचार शिकवतात. टिपणंही तीच असावीत.

माहितीपत्रकात माझ्या नावाखाली 'माजी राजदूत' छापलं आहे. मी कौन्सेलर म्हणून, म्हणजे राजदूताच्या बराच खालच्या हुद्द्यावरून निवृत्त झालो. पण छापून झालेलं बदलायचं म्हणजे त्यांची अडचण. दुसऱ्याची अडचण करू नये, हा आमच्या पेशाचा पहिला नियम.

बीजिंगला लीच्युनला फोन केला. ती इकडे यायला तयार नाही. तिला तिचा नाचाचा गट सोडवत नाही. म्हणाली, "तिथे नेमकं काय शिकवणार तू?"

"वाटाघाटी."

मग म्हणाली, "जन्मभर कुणी कुठे बसायचं ते ठरवलंस. आता पोरांना बसव."

इतकी वर्षं संसार करूनही बायकोला परराष्ट्र खात्याचं काम कळत नाही, तिथे बाकीच्यांचं काय बोलावं.

१० सप्टेंबर

पहिला तास. तिसऱ्या वर्षाचा वर्ग. मी विचारलं, "मुत्सद्दी म्हणजे कोण?"

वर्गप्रमुख शांग कायफिंग ताडकन उभा राहिला आणि नळ सोडल्यासारखा सुरू झाला. "मुत्सद्दी म्हणजे विचाराने ठाम, कामात निपुण, वागण्यात विनम्र आणि शिस्तीत कठोर अशी व्यक्ती."

"हे तुला वाटतं?"

"पुस्तकात आहे, सर."

"पुस्तक मिट. तुला काय वाटतं?"

त्याने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, मग खालच्या आवाजात विचारलं, "सर, हे परीक्षेला आहे का?"

वर्ग हसला नाही. सगळ्यांनाच तो प्रश्न रास्त वाटला. मग मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "ज्यांचं एकमेकांशी पटत नाही त्यांना एका ताटावर बसवतो तो, सर."

मी म्हणालो, "तो लग्न जुळवणारा."

"हो सर, माझी मावशी तेच करते. नदीच्या दोन्ही तीरांवर."

आता मात्र वर्ग हसला. मुलीचं नाव दाओ यूश्यांग. शीश्वांगबान्नाची, अगदी सीमेवरची. अशा मुली इथे येतात, चार वर्षं पाठ करतात आणि पुढे जकातनाक्यावर शिक्के मारतात.

२९ सप्टेंबर

विभागाची परीक्षा-पद्धत पाहिली. 'राजनैतिक भाषेची वैशिष्ट्ये सांगा' या प्रश्नाला प्रमाण उत्तर आहे. त्यातला शब्दन् शब्द आला तर पूर्ण गुण. वाक्य फिरवलं तर निम्मे. म्हणजे शब्दांची निवड ज्या विषयाचा प्राण, त्यात शब्द निवडणाऱ्याचे गुण कापायचे. छ्यूंना हे सांगितलं. ते म्हणाले, "तोंगसाहेब, आपला अनुभव फार मोलाचा. पण पोरं गोंधळतात हो."

कँटीनमध्ये सकाळी तांदळाच्या शेवया, दुपारी तांदळाच्या शेवया. बीजिंगच्या माणसाने इथे काय खावं?

२१ ऑक्टोबर

आज एका गोष्टीवर जरा बरं शिकवलं गेलं. सांगितलं की, वाटाघाटीत आपल्याला नको असलेलं 'हो' आणि महागात पडणारं 'नाही', या दोन्हींच्या मधे एक दार असतं: 'माझ्या सरकारला विचारून सांगतो.' आणि खोलीत दोन्ही शिष्टमंडळांबाहेरचं कुणी तोंड घालू लागलं, तर आधी त्याला विचारायचं की आपण कुणाच्या वतीने बोलता. सगळ्यांनी खाली माना घालून लिहून घेतलं. शांगने विचारलं, यावर किती गुणांचा प्रश्न येईल. दाओने काही विचारलं नाही, ती खिडकीबाहेर बघत होती. लक्ष नव्हतंच.

१४ नोव्हेंबर

छ्यूंच्या डोक्यात नवं खूळ. पुढच्या महिन्यात शेजारच्या देशाचे महावाणिज्यदूत विद्यापीठात येणार आहेत. त्यांच्यासमोर विद्यार्थ्यांची नमुना-वाटाघाट करून दाखवायची. विषय: नदीचं पाणी. एक 'वरचा देश', एक 'खालचा देश'. वरचा देश उदारपणे प्रस्ताव मांडणार, खालचा देश आनंदाने मान्य करणार, सही, टाळ्या, फोटो.

"आणि संहिता आपण लिहायची," छ्यू म्हणाले. "आपल्याइतकं अनुभवी इथे कोण आहे?"

मी म्हटलं, ज्या वाटाघाटीचा शेवट आधी लिहिला आहे, तिला वाटाघाट म्हणत नाहीत. ते म्हणाले, "मग काय म्हणतात?"

ज्या बैठकांना मी हजर असायचो, त्या सगळ्याच अशा असायच्या. अर्थात त्या फार वरच्या पातळीवरच्या होत्या.

२३ नोव्हेंबर

संहिता लिहून झाली. खरं सांगायचं तर चांगली उतरली आहे. भाषा भारदस्त, प्रत्येक वाक्याला तोल. शांगला वरच्या देशाचा प्रमुख केलं, त्याचं पाठांतर बघून. खालच्या देशाचा प्रमुख व्हायला कुणी तयार होईना. हरणाऱ्याची भूमिका कोण घेणार? शेवटी दाओने हात वर केला.

२ डिसेंबर

तालीम. शांग यंत्रासारखा बोलतो; मी खोकलो तरी थांबत नाही. दाओच्या वाक्याशी गाडी अडली. वाक्य साधं आहे: 'आमचा देश या प्रस्तावाचे मनःपूर्वक स्वागत करून तो स्वीकारत आहे.' ती म्हणाली, "सर, हे लोक का स्वीकारतात?"

"संहितेत आहे म्हणून."

"ते झालंच. पण त्यांना मिळतं काय?"

"सन्मान."

"सन्मान लावून शेंगा येत नाहीत, सर." ती अगदी साधेपणाने बोलत होती, उद्धटपणा नव्हता. "माझी मावशी पलीकडे दिलेली आहे. पाणी उतरलं की ती नदीच्या पात्रात भुईमूग लावते. वरून पाणी सोडणार असतील तर सोडू देत, पण दोन दिवस आधी कळलं तर शेंगा तरी काढून घेता येतात. प्रस्तावात ते कुठेच नाही."

मी तिला सांगितलं की, राष्ट्रांमधला करार शेंगांवर उभा नसतो. ती "बरं सर" म्हणाली आणि वाक्य बिनचूक म्हणून दाखवलं. या पोरांचं हे बरं असतं, दोनदा दटावलं की गप्प.

९ डिसेंबर

जे झालं ते क्रमाने लिहितो.

सभागृह भरलेलं. महावाणिज्यदूत पहिल्या रांगेत मधोमध. ही जागा मी भांडून दुरुस्त करून घेतली होती, नाहीतर छ्यूंनी त्यांना खांबामागे बसवलं असतं. मंचावर दोन कल्पित देशांचे झेंडे. छ्यू स्वतः टेबलामागे, लाल मखमलीच्या तबकात सहीचं पेन घेऊन उभे. तबक धरायला एखादा विद्यार्थी चालला असता, पण फोटोत यायचं होतं ना.

शांगने प्रस्ताव धडाधड म्हटला. टाळ्या. मग दाओ बोलू लागली.

"आपल्या प्रस्तावाबद्दल आभार. पाणी सोडण्याआधी आम्हाला किती दिवस कळवणार, हे त्यात नाही. ते आल्याशिवाय सही करायचा अधिकार मला माझ्या सरकारने दिलेला नाही. त्यांना विचारून आपल्याला कळवते."

आणि फाइल मिटली.

शांगचं तोंड उघडं ते उघडंच. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. तेवढ्यात छ्यू मागून पुढे वाकले आणि पेन तिच्या नाकासमोर धरून कुजबुजले, "सही कर, पोरी." टेबलावरचा माइक चालू होता. शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

दाओने मान वळवली आणि अतिशय आदराने विचारलं, "क्षमा करा, आपण कोणत्या शिष्टमंडळाच्या वतीने बोलता आहात?"

आधी कुणीतरी मागे फिसकन हसलं, मग सगळं सभागृह. छ्यू तबक घेऊन तसेच उभे. शेवटी शांगला काय सुचलं कोण जाणे, तो म्हणाला, "वरच्या देशाच्या वतीने मी चहापानासाठी बैठक स्थगित करण्याची सूचना मांडतो." दाओ म्हणाली, "खालच्या देशाची हरकत नाही." आणि दोन्ही शिष्टमंडळं उठून खरोखरच चहाला गेली.

महावाणिज्यदूतांनी चष्मा काढून डोळे पुसले. जाताना माझा हात हातात घेऊन आपल्या स्वच्छ चिनी भाषेत म्हणाले, "आमच्याकडे असं बोलणारी माणसं कमी पडतात." काय बोलणार बिचारे? सभ्य माणूस. पाहुण्याने यजमानाची लाज राखायची असते.

माझी संहिता मातीत गेली. मंचावर फाइल कशी मिटावी, एवढंच काय ते त्या मुलीने नीट केलं.

११ डिसेंबर

कुणीतरी फोनवर चित्रण केलं होतं. ते आता गावभर फिरतं आहे. वसतिगृहातली पोरं रांगेत पुढे घुसणाऱ्याला विचारतात, "आपण कोणत्या शिष्टमंडळाच्या वतीने?" कँटीनमध्ये शेवया वाढणाऱ्या बाईनेही आज मला तेच विचारलं, मी तिखट जास्त मागितलं तेव्हा.

छ्यूंनी बोलावलं. गालांवर हसू नव्हतं. पहिल्यांदाच चेहरा नीट दिसला. माणूस तसा म्हातारा दिसतो.

"वरून विचारणा झालीय," ते म्हणाले. "मला कागद हवा. तिने लिहून द्यायचं, 'मी जाणूनबुजून संहिता मोडली, त्याबद्दल माफी मागते.' जाणूनबुजून हा शब्द हवाच."

"नाही दिलं तर?"

"शिस्तभंगाची नोंद. मग परराष्ट्र खातं सोडाच, तालुक्याच्या कचेरीतही कुणी दारात उभं करणार नाही तिला. तुमची विद्यार्थिनी आहे. तुम्ही आणा कागद."

म्हणजे आता मी पोस्टमन.

१२ डिसेंबर

दाओला कँटीनमध्ये गाठलं. ती ताटात शेवयांचा डोंगर घेऊन बसली होती. इतकं झाल्यावर घास उतरतो कसा? मी छ्यूंचं म्हणणं सांगितलं. तिने काड्या खाली ठेवल्या.

"मी चुकीचं काय बोलले, सर? तिसरं माणूस बोललं तर विचारायचं, असं तुम्हीच शिकवलंत. सरकारला विचारून सांगते, हेही."

"ते परीक्षेसाठी शिकवलं होतं."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी शेजारच्या टेबलाकडे बघितलं.

"माफी नाही मागणार," ती म्हणाली. "डीनसाहेबांना लोक हसले, त्याचं वाईट वाटतं. ते लिहून देते. माझा बाप केळ्यांचा ट्रक चालवतो, सर. नाक्यावर रोज कुणीतरी त्याला म्हणतं, आधी सही कर, मग वाच. मी इथे आले ते वाचून सही करणारं कुणी घरात असावं म्हणून."

मोठी मोठी वाक्यं. वय काय, बोलणं काय.

१३ डिसेंबर

छ्यूंकडे सहाव्या मजल्यावर. लिफ्ट बंद. वाईट वाटतं, असं ती लिहील, हे सांगितलं. "वाईट तर मलाही वाटतं," ते म्हणाले. "माफी हवी." परत खाली, वसतिगृहापर्यंत. तिने 'जाणूनबुजून' काढलं तर 'खेद' लिहायची तयारी दाखवली. परत वर. छ्यू म्हणाले, 'अत्यंत खेद' तरी हवा. परत खाली. 'अत्यंत' चालेल म्हणाली, पण 'माझ्या वागण्याबद्दल' नको, 'झाल्या प्रकाराबद्दल' हवं.

गुडघे गेले. हेच करायला पदवी लागते का? कुठलीही चहाड्या करणारी शेजारीण हे काम करते.

जिन्यात शांग भेटला. म्हणाला, "सर, वर्गातले सगळे म्हणतात, दाओला नोंद लागली तर सगळ्यांना लावा, तालमीला सगळेच होतो."

"तुझे गुण कापले जातील," मी म्हणालो.

तो पांढराफटक पडला. पण मागे हटला नाही. घाबरतो तर घाबरतो, मग बोलतो कशाला?

१५ डिसेंबर

आज दोघांना एका खोलीत आणलं. दोघंही समोरासमोर बसायला नाही म्हणत होते. छ्यूंच्या केबिनमध्ये बसवणं शक्य नव्हतं, तिथे त्यांची खुर्ची फूटभर उंच आहे. मी ग्रंथालयाची लहान खोली घेतली. लांब टेबल बाहेर काढायला लावलं, चौकोनी आणवलं. दोघांना एका कोपऱ्याच्या दोन बाजूंना बसवलं, म्हणजे नजर चुकवता येते आणि कागद दोघांनाही एकदम वाचता येतो. खिडकी दोघांच्याही बाजूला, उजेड कुणाच्याच डोळ्यांवर नाही. चहा मधोमध, एकाच किटलीत, फूअर नावाचा, जुना. म्हणजे ओतून देणं भाग पडतं. दाओने छ्यूंचा पेला भरला. सवयीने त्यांनी टेबलावर दोन बोटं टेकून आभार मानले. त्यानंतर आवाज चढला नाही. हे कुणाच्या लक्षात आलं नाही, अर्थात. खुर्च्या आपोआप जागेवर येतात, असंच सगळ्यांना वाटतं.

पण गाडी अडलीच. छ्यू म्हणाले, "नुसता खेद वर पाठवला तर विचारतील, चूक मग कुणाची? कुणाची तरी असायला हवी ना." त्यांचंही खोटं नव्हतं. त्यांच्यावरही कुणीतरी बसलेलं आहे.

दाओ म्हणाली, "माझी नाही."

"मग माझी?" छ्यूंनी विचारलं.

मी कागद ओढला आणि लिहिलं: 'प्रात्यक्षिकाच्या तयारीत दिलेल्या सूचना पुरेशा स्पष्ट नसल्यामुळे पाहुण्यांसमोर जो प्रसंग उद्भवला, त्याबद्दल अत्यंत खेद वाटतो.'

वाक्य माझ्यापुरतं तरी उत्तम आहे. कुणाला वाटतो, ते नाही. कुणी दिलेल्या, ते नाही. कर्ता कुठेच नाही. छ्यूंनी एकदा वाचलं, दोनदा वाचलं. मग माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "तोंगसाहेब, मला चालेल."

दाओला चालेना. "सर, सूचना कुणी दिल्या, हे यात नाही."

"नाही."

"वाचणारा विचारेल."

"विचारू दे."

"पण सूचना स्पष्ट होत्या, सर. सगळ्यात स्पष्ट तुमच्याच होत्या. हे खरं नाही."

"मसुद्यात खरंखोटं बघत नाहीत, दोन्ही बाजूंना घरी जाता येतं का ते बघतात," मी म्हणालो. "तीन महिने शिकवून एवढंही डोक्यात शिरलं नाही. वाच आणि सही कर."

तिने वाचलं. खूप वेळ वाचलं. एवढ्या एका वाक्याला इतका वेळ लावणारी मुलगी मसुदा-विभागात कशी टिकणार? सही करताना डोळे पुसत होती. नाजूकपणाही आहेच.

३० डिसेंबर

आज सुटी घेऊन शहरात गेलो. तळ्यावर उत्तरेकडून सीगल आले आहेत. माणसं त्यांना पाव भरवतात आणि ते हातातून हिसकावून घेतात. त्यांना निदान आपल्याला काय हवं ते माहीत असतं.

दाओला नोंद लागली नाही. कागद वर मान्य झाला, असं छ्यूंनी सांगितलं. पुढे म्हणाले, वर कुणीतरी विचारलं, सूचना द्यायचं काम कुणाकडे होतं. त्यांनी कागदोपत्री जे होतं ते सांगितलं. सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते, टेबलावरचं कॅलेंडर सरळ करत होते.

५ जानेवारी

माझा करार पुढच्या सत्रासाठी वाढवणार नाहीत. 'विषयाची फेररचना'. छ्यू चांगलं बोलले, इतकं चांगलं की कंटाळा आला. मी त्यांना म्हणालो की इथली हवा मला कोरडीच पडते, घोळणा फुटतो. ते म्हणाले, "हो हो, पुष्कळांना होतं." मग दारापर्यंत आले आणि हळूच म्हणाले, "तुमच्या जागी मी असतो तर मी नसतं लिहिलं ते." कुणी विचारलं होतं?

खरं म्हणजे मला इथे राहायचंच नव्हतं. या विभागात मुत्सद्देगिरी शिकवणं म्हणजे वाळवंटात पोहणं शिकवणं.

लीच्युनला सांगितलं. कारण विचारलं म्हणून वाक्य वाचून दाखवलं.

ती म्हणाली, "सूचना पुरेशा स्पष्ट नाहीत? तुझ्या? मला भाजी आणायला पाठवतोस तर जुडी कुठल्या रंगाच्या दोऱ्याने बांधलेली हवी ते सांगतोस."

मी विषय बदलला. तिकडे थंडी किती आहे, ते विचारलं.

"ये घरी," ती म्हणाली. "बाकी काही सांगू नकोस."

१२ जानेवारी

गुण भरून दिले. शांगला प्रमाण उत्तराचे पुरते गुण. त्याने चहापानाची सूचना मांडली, त्याचे गुण द्यायला रकानाच नाही. दाओला उत्तीर्ण केलं. तिने वाक्यं फिरवली होती, नियमाप्रमाणे निम्मे गुण कापायला हवे होते. मी कापले नाहीत. बेरीज पुन्हा करायचा कंटाळा आला.

महावाणिज्यदूतांनी सीमेवरच्या विद्यार्थ्यांसाठी उन्हाळी वर्ग ठेवला आहे, आणि दाओचं नाव त्यांनी स्वतः कळवलं, असं शांग सांगत होता. छ्यू आता सगळीकडे सांगतात की ती त्यांची विद्यार्थिनी. असू दे.

१४ जानेवारी, गाडीत

सकाळी बॅगा घेऊन खाली उतरलो तर अख्खा वर्ग दाराशी. कुणी सांगितलं होतं यांना? थांबा म्हणण्याआधीच शांगने बॅग उचलली आणि सगळे माझ्याबरोबर मेट्रोने स्टेशनपर्यंत आले. बसायला जागा मिळाली तर मला बसवून सगळे उभे राहिले आणि वाटभर मी बीजिंगला काय खाणार यावर बोलत राहिले. इतकं बोलून एकाही विषयाचा शेवट केला नाही.

तपासणीच्या दाराच्या पुढे त्यांना यायची परवानगी नव्हती. बाकीचे मागे थांबले, दाओ तेवढी पुढे आली. तिने वाटेत खायला केळीच्या पानात बांधलेला भात आणला होता, अजून गरम होता.

"सर, एक विचारू?"

"विचार."

"ते वाक्य लिहिताना तुम्हाला माहीत होतं ना, ते कुणावर येणार ते?"

मी म्हणालो, "असला प्रश्न समोरासमोर विचारायचा नसतो. उत्तर मिळालं तर दोघांचीही पंचाईत होते."

"म्हणून तर इथे विचारला, सर," ती म्हणाली. "तुमच्या गाडीची वेळ झाली आहे."

मी आत गेलो. काचेपलीकडून मागे वळून पाहिलं तर सगळे हात हलवत उभे होते. उंच पोरं पुढे, बुटकी मागे, निम्म्यांची तोंडंच दिसत नव्हती. मी आतून हाताने खुणा केल्या: उंच मागे, बुटके पुढे. त्यांना वाटलं, मी निरोपाचा हात हलवतो आहे, आणि ते आणखी जोरात हलवायला लागले.

मी तसाच खुणा करत राहिलो. मागचे लोक ढकलायला लागले तेव्हा थांबलो.